टाचणीमावशीची साखळी

टाचणीमावशी गप्प बसली आहे असं कुणी सांगितलं, की चर्चच्या मंडळीतली माणसं आधी विचारायची, "तोंडात टाचण्या आहेत का?" लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून अंगाबरोबर बसवून देणं हा तिचा धंदा. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं केलं की ती टाचण्या ओठांत धरायची आणि तेवढा वेळ हूं-हूं यापलीकडे काही बोलायची नाही. शेवटची टाचणी कापडात गेली की मग बांध फुटायचा. कुणाचा दमा उसळला, कुणाच्या जावयाची नोकरी सुटली, कुणाच्या घरी दोन दिवस अबोला आहे, सगळं बाहेर. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं तिच्या तोंडावर म्हटलं तरी तिला राग येत नसे. "भिजवून करायचंय काय?" असं ती वर विचारायची.

पण बाई मनाची वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तिचा नवरा आजारी पडून गेला तेव्हा ही ऐन तारुण्यात होती, पदरात मूलबाळ नव्हतं. त्या दिवसांत मंडळीतली कुणी ना कुणी बाई तिच्याजवळ बसून असायची. रात्री डोळा लागायचा तो कुणाच्या तरी प्रार्थनेच्या आवाजात, आणि जाग यायची तीही तशीच. दुःख एकट्यानं धरून बसलं की ते नासतं, चार जणांनी मिळून देवापुढे ठेवलं की हलकं होतं, ही गोष्ट तिच्या हाडात मुरली ती तेव्हा. त्यात तिचं काय चुकलं, सांगा.

मंडळी तशी छोटीच. रविवारी सगळे जमले तरी मागचे बाक रिकामे राहायचे. उपासनेच्या मध्यावर पाळक व्यासपीठावरून खाली उतरायचे आणि विचारायचे, "कुणाची काही विनंती?" ज्याला काही सांगायचं असेल तो उभा राहून सांगायचा. मग बाकीच्यांपैकी एकानं म्हणायचं, "मी घेते," किंवा "मी घेतो," आणि त्या माणसासाठी तिथल्या तिथे मोठ्यानं प्रार्थना करायची. विनंती कुणीतरी घेतल्याशिवाय उपासना पुढे सरकायची नाही, हा तिथला दंडकच होता. सगळ्यात जास्त विनंत्या अर्थातच टाचणीमावशी घ्यायची. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती उभी. "मावशी, त्यांना नेमकं काय झालंय ते तरी ऐकून घ्या," असं पाळकांना एकदा म्हणावं लागलं होतं.

रविवार सोडून इतर दिवशी प्रार्थनेची साखळी असायची. तीही हिनंच सुरू केलेली. कुणावर काही संकट आलं की पहिला फोन हिला. ही शाळेच्या बाईंना सांगायची, त्या पोस्टमास्तरीणबाईंना, त्या पुढच्या बाईला, असं करत करत शेवटी बेकरीवाली. बेकरीवालीनं उलट मावशीला फोन करून एकच शब्द सांगायचा, "पोचली." तो ऐकला की मावशी पुन्हा मशीनवर पाय ठेवायची. चहा निवायच्या आत साखळी पुरी झाली, असं ती अभिमानानं सांगत फिरायची.

या मंडळीचा लाडका माणूस म्हणजे वायरमन. माइक, स्पीकर, पंखे, सगळं त्याच्या हातचं, आणि तेही एका कप चहावर. म्हाताऱ्या बायकांना हाताला धरून पायऱ्या चढवायचा. बोलणं असं गोड, की मुली असलेल्या बायका मनातल्या मनात हळहळायच्या. त्याची आई एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी अख्खं गाव तिला मेट्रनबाईच म्हणायचं. तिच्या चपलांचा आवाज आला की पेशंट आपोआप चादर सारखी करायचे म्हणे. ती हसली असं कुणाच्या आठवणीत नव्हतं. वायरमनची बायको गायनमंडळात होती. बारीक, शांत पोरगी, पदराला एक लहान मुलगी. घरात ही तिघं आणि मेट्रनबाई.

मंडळीच्या वर्धापनदिनासाठी गायनमंडळाचे नवे गाऊन शिवायला घेतले होते. वायरमनची बायको माप द्यायला आली. मावशीनं टाचण्या ओठांत धरल्या, बाही बसते का बघायला तिच्या ब्लाउजची बाही जरा वर सारली, आणि तिचा हात तिथेच थांबला. दंडावर बोटांचे वळ होते, काळेनिळे. त्यांच्याखाली पिवळे पडलेले जुने.

मावशीनं वर पाहिलं. तोंडात टाचण्या होत्या, म्हणूनच बहुतेक ती पोरगी बोलली. समोरचा माणूस मध्ये बोलणार नाही अशी खात्री तिला कितीतरी दिवसांनी मिळाली असेल.

"गोड बोलतो तो बाहेर," ती आरशाकडे बघत म्हणाली. "घरी आला की दार लावतो. मी जाणार आहे मावशी, बहिणीकडे. पण त्याला कळलं तर तो मला जिवंत सोडणार नाही. गेल्या वेळी पिशवी भरताना बघितलं त्यानं. हे तेव्हाचंच."

त्या दिवसापासून वायरमनच्या बायकोचे कपडे मावशीकडे दुरुस्तीला यायला लागले. आज एक साडी फॉल बदलायला, उद्या मुलीचे दोन फ्रॉक खालून उसवायला. परत एकही जात नव्हता. कापड कापायच्या टेबलाखाली एका बॅगेत ते घड्या घालून बसत होते. दिवस ठरला शनिवारचा. त्या दिवशी दुपारी वायरमन लग्नाच्या हॉलवर वायरी ओढायला जायचा तो संध्याकाळीच परतायचा. तो गेला की तिनं मुलीला घेऊन दुकानात यायचं, बॅग उचलायची आणि तीनची बस धरायची.

"मावशी, तुम्ही प्रार्थना करा," ती जाताना म्हणाली. "पण तुम्ही एकट्याच. कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका."

मावशीनं कबूल केलं, आणि इतके दिवस ते पाळलंही. कसं पाळलं ते तिलाच माहीत. रविवारी वायरमननं पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, पण तिनं ब्र काढला नाही. गिऱ्हाईक नसतानाही ती तोंडात टाचण्या धरून बसायला लागली. पण शनिवारी सकाळी तिला राहवेना. एवढं मोठं संकट, आणि देवाकडे मागणारी ती एकटी? तिच्या एकटीच्या प्रार्थनेचं बळ ते किती? बरं, नाव घेतलं नाही तर सांगितल्यात जमा कशाला धरायचं? अशी मनाची समजूत घालत तिनं फोन उचलला.

"एका बहिणीसाठी," ती शाळेच्या बाईंना म्हणाली. "आज लेकराला घेऊन प्रवासाला निघतेय. तिला वाटेत कुणी अडवू नये."

"कोण हो?"

"साखळीत विचारायचं नसतं, ठाऊक आहे ना?"

फोन ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की तिनं एका पॅन्टची बॉटम गुणगुणत शिवून टाकली.

दुपार झाली. पोरगी यायला हवी होती, आली नाही. आणि बेकरीवालीचा फोनही आला नव्हता. मावशीनं दोनदा फोन उचलून बघितला, बंद तर पडला नाही ना. मग न राहवून तिनंच नंबर लावला.

"अगं, पोचली का नाही? सांगायचं नाही का?"

"मला तर केव्हाच पोचली," बेकरीवाली म्हणाली. मागे पावाचे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते. "मी पुढे दिलीसुद्धा. नवऱ्याच्या नकळत पळून चाललीय म्हणे बिचारी, दुपारच्या बसनं. ती गिरणीवाल्याचीच ना हो?"

"असं मी कुठं म्हटलं? आणि पुढे म्हणजे? तुझ्यापुढे कोण आहे? शेवटची तूच ना?"

"आता नाही. पाळकीणबाईंनी कालच सांगितलं की. मेट्रनबाईंना पाय घसरून पडल्यापासून घरी करमत नाही, म्हणून त्यांना घेतलंय साखळीत. आता शेवटच्या त्या."

बेकरीवाली पुढे काय बोलली ते मावशीच्या कानात शिरलंच नाही. गिरणीवाल्याच्या बायकोवर संशय घ्यायला बाकीच्या मोकळ्या होत्या. पण मेट्रनबाईंना अंदाज करायची गरज काय? ज्या घरातून ती पोरगी निघणार होती, त्याच घरात तर त्या बसल्या होत्या. आणि आई शेवटी कुणाची? मुलाचीच की.

दुकान उघडं टाकून जावं, तर पोरगी येऊन परत जायची. थांबावं, तर ती तिकडे घरीच अडकलेली असायची. मावशीनं दारात जाऊन गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. कुणी नाही. मग तिनं टेबलाखालची बॅग ओढली, तिच्यावर तो अर्धा शिवलेला गाऊन पसरला, सगळं काखोटीला मारलं आणि दुकानाला कुलूप घातलं. या वयात ती कधी पळाली नव्हती. त्या दिवशी पळाली. दवाखान्याच्या वळणावर धाप लागून भिंतीला टेकली, "देवबापा, मी हे काय करून बसले," एवढंच म्हणाली आणि पुन्हा निघाली.

वायरमनच्या घरासमोर त्याची व्हॅन उभी होती.

आता संपलं, असं तिला वाटलं. परत फिरावंसंही वाटलं, खोटं कशाला बोला. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून त्याचा आवाज येत होता. मावशीला आपल्या तोंडाची भीती वाटली. आत गेल्यावर त्यानं एक प्रश्न विचारला तरी हे तोंड काय बरळेल याचा नेम नव्हता. तिनं कॉलरला खोचलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या, ओठांत घट्ट धरल्या आणि दार ढकललं.

मेट्रनबाई खुर्चीत मागे रेलल्या होत्या, डोळे मिटलेले, हात छातीवर. वायरमन गुडघ्यावर बसून त्यांच्या पायांत चपला घालत होता. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मुलीच्या पायांत बाहेर जायचे बूट होते.

"मावशी, तुम्ही?" वायरमन म्हणाला. "बघा ना, आईच्या छातीत कळ आलीय. हॉलची लाइट गेली म्हणून मी परत आलो, ते बरं झालं. देवानंच पाठवलं म्हणायचं."

"हूं," मावशी म्हणाली.

"माझ्या हॉस्पिटलातच ने," मेट्रनबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "दुसरीकडे नाही."

"आई, ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. इथं कोपऱ्यावर दवाखाना..."

"त्या कोपऱ्यावरच्याला थर्मामीटर धरता येत नाही. मला मारायचंय का तुला?"

तो उठला आणि बायकोकडे वळला. आवाज अजून गोडच होता. "चल तू पण. हिलाही घे. तुला एकटीला कशाला मागे ठेवायचं?" मग त्याची नजर मुलीच्या पायांवर गेली. "बूट का घातलेत हिला?"

मुलगी आईच्या मानेत तोंड खुपसून बसली.

"लेकराला हॉस्पिटलात नेतोस?" मेट्रनबाईंचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. "तिथं काय काय असतं ते मला विचार. बूट मी घालायला सांगितले, फरशी गार आहे. आणि ही शिवणवाली गाऊनचं माप घ्यायला आलीय, दिसत नाही का? घेऊन होऊ दे. तू मला धर."

वायरमननं मावशीकडे पाहिलं. मग तिच्या काखेतल्या गाठोड्याकडे. तो जवळ आला आणि गाऊनची लोंबती बाही त्यानं चिमटीत धरली.

"गाऊन एवढा जड असतो, मावशी?"

मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यातली एक जिभेला टोचत होती, ते तिला आता कळलं. तिनं मान हलवली, "हूं," म्हणाली आणि दुसऱ्या हातानं त्याची बोटं बाहीवरून अशी झटकली, जशी ती कापडाला हात लावणाऱ्या कुणाचीही झटकायची. तेवढ्यात मेट्रनबाई कण्हल्या. असं कण्हल्या, की त्याला बाही सोडून मागे धावावंच लागलं.

त्यानं आईला उभं केलं. त्याच्या खांद्यावर भार टाकून, पाय ओढत त्या दाराकडे आल्या. मावशीच्या शेजारून जाताना त्यांनी पहिल्यांदा डोळे उघडले. चांगले स्वच्छ, जागे डोळे. हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "पोचली."

व्हॅन सुरू झाली, वळली, तिचा आवाज गेला. पोरगी होती तिथेच उभी होती.

"त्यांना कसं कळलं?" तिनं विचारलं. "मी बूट घालत होते तेवढ्यात हा आला. मी म्हटलं संपलं सगळं. आणि एकदम त्यांनी छाती धरली. मावशी, सासूबाईंना कुणी सांगितलं?"

मावशीनं टाचण्या काढल्या. एकेक करून कॉलरला खोचल्या. त्या लवकर संपू नयेत असं तिला वाटत होतं.

"मी," ती म्हणाली. "साखळीत टाकलं सकाळी. नाव नाही घेतलं गं. तुझ्यासाठीच..."

पोरगी ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मावशीला बरं वाटलं असतं.

"मी तुम्हाला एकटीला सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली. तिनं गाऊन उचलून खुर्चीवर ठेवला, बॅग घेतली. मावशी मागोमाग निघाली तेव्हा तिनं हातानंच नको म्हटलं. बॅग एका हातात, मुलगी कडेवर, अशी ती झपाझप चालत गेली. वळणावर मुलीनं हात हलवला. आईनं मागे बघितलं नाही.

हॉस्पिटलात मेट्रनबाईंनी सगळ्या तपासण्या करायला लावल्या. एक झाली की दुसरी. दिवस मावळेपर्यंत मुलाला हात धरून बाकावर बसवून ठेवलं. शेवटी डॉक्टरनं गॅस झाल्याचं सांगितलं. ढोंगी पेशंटना जन्मभर फैलावर घेतलेल्या बाईनं ते मुकाट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वायरमन आपल्या जागी, माइकच्या मशीनपाशी. डोळे तांबारलेले, पण हसत होता. पाळक खाली उतरले आणि म्हणाले, "कुणाची काही विनंती?" तसा तोच आधी उभा राहिला.

"माझ्या मेव्हणीसाठी. फार आजारी आहे. बायकोला तातडीनं जावं लागलं. दोघींसाठी प्रार्थना करा."

"मी घेते," शाळेच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्या ठणठणीत मेव्हणीला बरं करण्यासाठी देवाला मनापासून विनवलं. टाचणीमावशी मान खाली घालून बसली होती. आज ती एकदाही उठली नव्हती. लोक वळून वळून बघत होते.

मग पुढच्या बाकावरून मेट्रनबाई उठल्या. पाळकांनी माइक त्यांच्या हातात दिला.

"मेव्हणी बरी आहे," त्या म्हणाल्या. "माझी विनंती माझ्या मुलासाठी आहे. तो बायकोला..."

माइक बंद पडला. मशीनपाशी वायरमनचा हात बटणावर होता. मेट्रनबाईंनी हातातल्या माइककडे पाहिलं, तो बाकावर ठेवला, आणि लांबच लांब वॉर्डाच्या टोकापर्यंत पोचायचा तो आवाज काढला.

"तो बायकोला मारतो. खूप दिवसांपासून. मी शेजारच्या खोलीत असते. मी रेडिओ मोठा करायची. माझ्या मुलासाठी प्रार्थना करा. आणि माझ्यासाठी करा."

कुणीतरी खोकलं. वायरमन उभा राहिला आणि समोरच्या एकेका चेहऱ्याकडे बघत तो बाजूच्या दारानं निघून गेला. दार त्याच्यामागे कितीतरी वेळ हलत राहिलं. पाळक आपल्या बुटांकडे बघत होते. ही विनंती कोण घेणार? शाळेच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. बेकरीवाली रडत होती. मेट्रनबाई बसल्या नाहीत. विनंती कुणीतरी घेतल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, हा दंडक त्यांनाही ठाऊक होता.

मावशीच्या कानात एकच वाक्य घुमत होतं, सकाळपासून, काल दुपारपासून. मी तुम्हाला एकटीला सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडानं उठायचं?

पण कुणीच उठेना, तशी ती उठली. बाकाला धरून ती म्हणाली, "मी घेते."

सगळे माना खाली घालून वाट बघत राहिले. मावशी पुढे गेली, मेट्रनबाईंचा हात धरून तिनं त्यांना बसवलं, त्यांच्याशेजारी बसली आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. आवाज मात्र आला नाही. बराच वेळ गेला, तरी पाळकांनी तिला थांबवलं नाही.

त्या दिवशी तिनं देवाकडे काय मागितलं, हे नंतर कितीतरी जणांनी तिला विचारलं. शाळेच्या बाईंनी तर आडून आडून, उभ्या-बसल्या विचारलं. टाचणीमावशीनं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.